'या आठवड्यात निकाल, नाहीतर धुणं बंद' : अटलांटाच्या धोबिणींचा 1881 चा संप आणि आजची चळवळ

1881 साली जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा मोठ्या लगबगीत होती. यादवी युद्धात, 1864 मध्ये, हे शहर जळालं होतं. आता ऑक्टोबरात तिथे आंतरराष्ट्रीय कापूस प्रदर्शन भरायचं होतं. उत्तरेकडचे भांडवलदार येणार, गिरण्या पाहणार, पैसा गुंतवणार. त्यांच्यासमोर मांडायचं होतं ते असं : दक्षिण आता बदलली आहे, इथे शांतता आहे आणि इथला मजूर स्वस्तात, निमूट राबतो. प्रदर्शनाला जेमतेम तीन महिने उरले असताना शहराचे कपडे धुणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांनी काम बंद केलं.

हा संप आज अमेरिकेतल्या घरकामगार चळवळीत आणि वर्णन्यायाच्या लढ्यात पुन्हा पुन्हा सांगितला जातो. इतिहासातून प्रेरणा मिळते असं आपण सहज म्हणतो, पण नेमकं काय मिळतं ते क्वचित तपासतो. या एका प्रकरणात ते तपासता येतं. धोबिणींचं धैर्य मोठं होतंच, पण धैर्याच्या गोष्टी सगळ्याच लढ्यांत सापडतात. माझ्या मते या बायकांनी मागे ठेवलेल्या दोन गोष्टी त्याहून कामाच्या आहेत : माणसं जोडण्याची एक पद्धत, आणि कामाचा भाव कोण ठरवणार हा उघड प्रश्न.

धुण्याचं काम

1880 च्या सुमारास अटलांटाची लोकसंख्या सुमारे 37 हजार होती. त्यात कृष्णवर्णीय 40 टक्क्यांहून अधिक. मजुरी करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांपैकी जवळपास 98 टक्के कुणाच्या ना कुणाच्या घरचंच काम करत आणि त्यांतला सर्वांत मोठा गट धोबिणींचा होता. गुलामगिरी संपून 16 वर्षं झाली होती. गिरणीत, दुकानात, कचेरीत या बायकांना जागा नव्हती. दुसरीकडे, खिशात चार पैसे खुळखुळू लागले की गोऱ्या कुटुंबाचा पहिला खर्च धुण्यावर होई. अगदी गरीब गोरी कुटुंबंही धुणं बाहेर देत.

काम आठवडाभराचं असे. सोमवारी घरोघरी जाऊन मळके कपडे गोळा करायचे. विहिरीवरून किंवा सार्वजनिक नळावरून पाणी वाहून आणायचं. साबण घरीच, क्षाराच्या पाण्यातून करायचा. खळ गव्हाच्या कोंड्याची. बिअरची पिंपं अर्धी कापून त्यांची टबं केलेली. कपडे उकळायचे, घासायचे, धुवायचे, पिळायचे, खळ द्यायची, वाळवायचे, मग विस्तवावर तापवलेल्या जड लोखंडी इस्त्रीने एकेक कपडा सरळ करायचा. शनिवारी घड्या पोचवायच्या. एवढं करून महिन्याला हाती पडत 4 ते 8 डॉलर.

तरीही मालकिणीच्या घरी राहून स्वयंपाक किंवा आयागिरी करण्यापेक्षा लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या बायका धुणंच पसंत करत. ते आपल्या घरी, आपल्या अंगणात करता येई. पोरांवर लक्ष राही. मालकीण डोक्यावर उभी नसे. गुलामगिरीत ज्यांच्या दिवसाचा एकेक तास मालकाच्या ताब्यात होता, त्यांच्या दृष्टीने ही मोकळीक मजुरीइतकीच मोलाची होती. शिवाय पाणवठ्यावर, अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये शेजारणी एकत्र येत. कुठल्या घरचे पैसे थकले, कुठली मालकीण दर पाडून मागते, हे तिथेच एकमेकींना कळे. संपाचं बीज या जागेत होतं. कारखान्याचं फाटक नसताना हजारो बायका एकदम थांबल्या कशा, याचं उत्तर कामाच्या या रचनेत आहे.

त्याआधी मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात 1866 मध्ये धोबिणींनी महापौरांना कळवलं होतं की आता सगळ्यांचा दर एकच राहील. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला 1877 मध्ये धोबिणींचा संप झाला. त्या संपात चिनी धोब्यांच्या दुकानांवरही रोख धरला गेला, हेही सांगितलं पाहिजे. या इतिहासातून शिकायचं तर तो सगळाच घ्यावा लागतो.

वीसच्या तीन हजार

1881 च्या जुलैच्या सुरुवातीला सुमारे 20 बायका एका चर्चमध्ये जमल्या आणि त्यांनी धोबिणींची संघटना काढली. मागणी साधी होती : 12 पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलो धुण्याला 1 डॉलर, आणि हा दर शहरभर सारखा. धर्मगुरूंनी चर्चमधून निरोप पोचवला, मोठी सभा झाली आणि 19 जुलैला संप पुकारला गेला.

त्यानंतर त्या घरोघरी फिरल्या. रोज. वस्तीवस्तीत शाखा, शाखेच्या बैठका, मग पुन्हा दारोदार. तीन आठवड्यांत 20 चा आकडा 3,000 पर्यंत गेला. शहरातल्या धोबिणींत गोऱ्या बायका शेकडा दोनही नव्हत्या, पण त्यांनाही बरोबर घेतलं गेलं. त्या काळच्या जॉर्जियात ही लहान गोष्ट नव्हती. पाठोपाठ स्वयंपाकिणी, आया आणि मोलकरणीही जास्त मजुरी मागू लागल्या.

या फिरण्यात सगळं गोडीगुलाबीनं झालं नाही. ज्या बायका काम सोडायला तयार नव्हत्या त्यांच्या दारात भांडणं झाली, धमक्याही दिल्या गेल्या. पोलिसांनी त्याचाच आधार घेतला. एकजुटीशिवाय ज्यांच्यापाशी दुसरं काहीच नाही, त्यांच्या लढ्यात फुटणाऱ्यांचा प्रश्न असा टोकदार होतोच. ते झाकून ठेवलं तर हा संप नीट समजणार नाही.

या सगळ्याची माहिती आपल्याला मुख्यतः संपाच्या विरोधकांकडून मिळते. 'अटलांटा कॉन्स्टिट्यूशन' हे शहरातलं बडं वृत्तपत्र. त्याने या बायकांची टर उडवली, त्यांना 'धुण्याच्या रणरागिणी' अशा अर्थाची नावं ठेवली. पण रोजच्या बातम्या देताना सभा किती, अटका किती, माणसं किती हेही छापलं. कुचेष्टेच्या त्या मजकुरातूनच पुढे इतिहासकारांनी संपाचा सांगाडा उभा केला.

शहराचं उत्तर

पोलिसांनी बेशिस्त वर्तनाच्या आरोपाखाली काही जणींना पकडलं. बहुतेकींना 5 डॉलर दंड झाला. सारा कोलियर हिला 20 डॉलर. महिन्याला 4 ते 8 डॉलर मिळवणाऱ्या बाईला हा निदान अडीच महिन्यांच्या कमाईइतका दंड. तिने तो भरायला नकार दिला. तिला 40 दिवस साखळदंडातल्या कैद्यांच्या टोळीत मजुरीची शिक्षा झाली.

घरमालकांनी भाडी वाढवण्याची धमकी दिली. व्यापाऱ्यांनी वाफेवर चालणारी लॉन्ड्री काढायचं ठरवलं आणि तिला करमाफी मागितली. नगरपरिषदेपुढे प्रस्ताव आला की धोबिणींच्या संघटनेतल्या प्रत्येक सभासदाकडून वर्षाला 25 डॉलर परवाना शुल्क घ्यावं. ज्यांना शहर व्यावसायिक म्हणून मोजतच नव्हतं, त्यांच्याकडून आता व्यवसायाचं शुल्क.

1 ऑगस्टला संघटनेने महापौर जेम्स इंग्लिश यांना पत्र लिहिलं. त्या पत्राचा आशय असा : आमच्या संघटनेच्या सभासद शपथेला बांधील आहेत. धुण्याचे दर आम्ही वाढवणारच. परवान्याचे 25 काय, 50 डॉलरही आम्ही भरू, कारण मग तो परवाना आमचं संरक्षण ठरेल आणि शहराच्या धुण्याचा ताबा आमच्याकडे येईल. जसा आमच्या नवऱ्यांच्या कामाचा भाव शहर ठरवतं, तसा धुण्याचा भाव आम्ही ठरवू. हे विसरू नका. या आठवड्यात निकाल लागला पाहिजे, नाहीतर धुणं बंद. खाली सही : 5 संघटना, 486 सभासद.

या पत्रात गयावया नाही, आणि 'आम्ही गरीब आहोत, दया करा' असा सूरही नाही. प्रस्ताव त्यांना मोडण्यासाठी आणला होता. त्यांनी तो उचलला आणि आपल्या बाजूने फिरवला. शुल्क लावता ना? लावा. मग आम्ही परवानाधारक, धंदा आमचा, दर आमचा. नवऱ्यांचा उल्लेख तर फारच नेमका आहे. पुरुषांच्या मजुरीवर शहराची पकड आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि आपल्या कामावर ती पकड तेवढी बसलेली नाही हेही. आपली ताकद कुठे आहे हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारा मजकूर कामगारांच्या इतिहासात मी फारसा वाचलेला नाही.

नगरपरिषदेने शुल्काचा प्रस्ताव फेटाळला.

महापौर इंग्लिश पुढे काही वर्षांनी चॅटाहूची ब्रिक कंपनीचे सर्वेसर्वा झाले. त्या वीटभट्टीत भाड्याने घेतलेले कैदी राबवले जात. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते आणि तिथल्या छळाची आणि मृत्यूंची नोंद झाली आहे. शहरातल्या नागरिकांनी बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर 2022 मध्ये अटलांटा महापालिकेने ती जागा विकत घेतली. तिथे उद्यान आणि स्मृतिस्थळ व्हावं अशी मागणी आहे. सारा कोलियरला ज्या कैदी मजुरीच्या व्यवस्थेत ढकललं गेलं, त्याच व्यवस्थेचा हा पुढचा भाग. मजुरीचा लढा आणि तुरुंगाचा प्रश्न अमेरिकेत वेगळे का काढता येत नाहीत, हे या एकाच शहरात दिसतं.

मिळालं काय

काही धोबिणींना वाढीव दर मिळाला. सगळ्यांना मिळाला असा पुरावा नाही आणि शहरभर एकच दर तर टिकला नाही. सप्टेंबरात, ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर, शहरातल्या सगळ्या घरकामगारांचा सार्वत्रिक संप होणार अशी आवई उठली. तो झाला नाही, पण शहराच्या पोटात गोळा आला. प्रदर्शनासाठी देशभरातून पाहुणे आले असताना जेवण, बिछाने आणि कपडे या तिन्ही गोष्टी कुणाच्या हातात आहेत हे तेव्हा प्रत्येक गोऱ्या घराला उमगलेलं होतं.

ज्याला आपण निखळ विजय म्हणतो तसा हा नाही. तरीही पुढच्या पिढ्यांनी याच्याकडे वळून पाहावं याचं कारण संपाच्या आतल्या कामात आहे, त्या दारोदार फिरण्यात.

कायद्याने पुसलेली माणसं

यानंतर जे झालं ते अधिक वाईट होतं, कारण ते शांतपणे, कागदावर झालं. 1935 मध्ये अमेरिकेत दोन मोठे कायदे आले. एकाने कामगारांना संघटना आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क दिला, दुसऱ्याने सामाजिक सुरक्षा दिली. 1938 मध्ये किमान वेतनाचा कायदा आला. शेतमजूर आणि घरकामगार या दोन्ही गटांना सुरुवातीला तिन्ही कायद्यांच्या लाभाबाहेर ठेवलं गेलं. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय मजूर नेमके याच दोन कामांत होते, आणि दक्षिणेतल्या गोऱ्या खासदारांच्या मतांशिवाय हे कायदे संमत होणं कठीण होतं. त्याच 1935 साली कार्यकर्त्या एला बेकर आणि पत्रकार मार्व्हेल कूक यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या त्या नाक्यांवर लेख लिहिला, जिथे कृष्णवर्णीय बायका तासाच्या मजुरीसाठी सकाळी उभ्या राहत आणि गोऱ्या गृहिणी घासाघीस करून त्यांना घेऊन जात.

सामाजिक सुरक्षा घरकामगारांपर्यंत 1950 मध्ये पोचू लागली, किमान वेतन 1974 मध्ये. संघटनेच्या हक्काच्या 1935 च्या कायद्यात मात्र घरकामगार आजही 'कामगार' नाहीत. आजच्या चळवळीचा गाभा याच एका ओळीत आहे. वर्णभेद फक्त बसमधल्या जागांचा किंवा पोलिसांच्या गोळीचा नसतो. कुणाचं काम काम म्हणून मोजायचं, हा त्याचा पाया असतो.

डोरोथी बोल्डन आणि बसचे मार्ग

अटलांटातच जन्मलेली डोरोथी बोल्डन लहानपणापासून घरकाम करत आली. दिवसाचं काम आटोपून निघताना मालकिणीने भांडी घासायला सांगितली, तिने नकार दिला, तर तिला अटक झाली. उलट उत्तर देते म्हणजे डोकं ठिकाणावर नाही असं ठरवण्यापर्यंत मजल गेली. हा प्रसंग 1940 च्या दशकातला, तिने स्वतः पुढे सांगितलेला.

1968 मध्ये तिने घरकामगारांची राष्ट्रीय संघटना अटलांटात उभी केली. कारखाना नाही, फाटक नाही, प्रत्येक बाई वेगळ्या बंगल्यात. मग तिला सगळ्या जणी सापडल्या कुठे? बसमध्ये. सकाळी वस्तीतून गोऱ्यांच्या उपनगरांकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या बसमध्ये ती त्यांच्याशी बोलायची. कुठे किती मिळतं, कोण किती तास राबवून घेतं, कमीत कमी किती मागायचं. 1881 मध्ये जे पाणवठ्यावर झालं ते आता बसमध्ये होत होतं.

संघटनेत यायचं तर एक अट होती : मतदार म्हणून नाव नोंदवायचं. मजुरी आणि मत तिने एकमेकांपासून सुटे होऊ दिले नाहीत. ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण जॉर्जियाच्या आजच्या राजकारणापर्यंत तिचा धागा सरळ येतो.

मधल्या काळात 1955-56 चा, बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा, अलाबामातल्या माँटगोमेरीचा 381 दिवसांचा बस बहिष्कार होऊन गेला होता. त्यात मैलोन् मैल पायी चालणाऱ्यांत स्वयंपाकिणी आणि मोलकरणी मोठ्या संख्येने होत्या. जॉर्जिया गिलमोर हिने त्यांच्यासाठी जेवण आणि केक विकून निधी उभा केला. देणाऱ्यांची नावं कुणाला कळू नयेत म्हणून त्या गटाला 'कुठूनही न आलेला क्लब' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. नेते भाषणं करत होते, तेव्हा बसऐवजी लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलचा पैसा या स्वयंपाकघरातून येत होता.

2007 नंतर

अटलांटात 2007 मध्ये भरलेल्या अमेरिकेच्या सामाजिक मंचाच्या, म्हणजे चळवळींच्या मेळाव्याच्या, वेळी देशभरातले घरकामगार गट एकत्र आले आणि नॅशनल डोमेस्टिक वर्कर्स अलायन्स ही त्यांची आघाडी स्थापन झाली. त्यात कॅरिबियन, लॅटिनो, फिलिपिनो आणि इतर स्थलांतरित बायकाही होत्या. 2010 मध्ये न्यूयॉर्क राज्याने घरकामगारांच्या हक्कांचा देशातला पहिला कायदा केला : जादा तासांचा जादा पगार, आठवड्यातून एक सुट्टी, वर्षभर काम झाल्यावर वर्षाला 3 दिवसांची पगारी रजा. तो मिळवायला तिथल्या संघटनेला काही वर्षं राज्याच्या राजधानीच्या खेपा माराव्या लागल्या.

2018 मध्ये सिअ‍ॅटल शहराने घरकामगारांसाठी मानकं सुचवणारं मंडळ स्थापलं, ज्यात मालक आणि घरकामगार एकाच टेबलाशी बसतात. 1881 च्या पत्रात 'भाव आम्ही ठरवू' असं म्हटलं होतं. त्या दाव्याच्या सर्वांत जवळ येणारी आजची रचना मला हीच वाटते.

2013 मध्ये ट्रेव्हॉन मार्टिन या कृष्णवर्णीय मुलाला मारणारा निर्दोष सुटला, तेव्हा 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' ही घोषणा ज्या तिघींमुळे उभी राहिली त्यांतली एक अ‍ॅलिशिया गार्झा. पुढे अनेक वर्षं तिने याच घरकामगार संघटनेत काम केलं. पोलिसी हिंसेविरुद्धची चळवळ आणि मोलकरणींची चळवळ यांच्यात माणसांचं असं येणंजाणं आहे. ज्या बाईचा मुलगा रस्त्यात अडवला जातो ती बहुधा कुणाच्या तरी घरी दुसऱ्याचं मूल सांभाळत असते. तिच्यासाठी हे दोन विषय नाहीत.

जॉर्जियात या संघटनेच्या राजकीय शाखेचं काम निकेमा विल्यम्स पाहत होत्या. नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांच्या निधनानंतर 2020 मध्ये त्या त्यांच्याच जागेवर अमेरिकन संसदेत निवडून आल्या. त्या वर्षीच्या निवडणुकीत आणि 5 जानेवारी 2021 च्या सिनेटच्या फेरनिवडणुकीत घरकामगार बायका कोविडच्या काळात मास्क लावून दारोदार फिरल्या. बोल्डनची मतदार नोंदणीची अट आणि धोबिणींचं घरोघर जाणं, दोन्ही त्या फिरण्यात होतं.

पण हा वारसा एका हातातून दुसऱ्या हातात आपोआप आला असं समजू नये. धोबिणींचा संप अनेक दशकं जवळपास कुणाच्या गावी नव्हता. टेरा हंटर या इतिहासकार बाईंनी 1997 च्या आपल्या पुस्तकात तो सविस्तर उभा केला, प्रेमिला नडासेन यांनी बोल्डनच्या पिढीवर लिहिलं. त्यानंतर इतिहासकार आणि संघटना यांनी मिळून घरकामाच्या इतिहासाची डिजिटल कालरेषा आणि अभ्यासक्रम तयार केला. तो घरकामगारांच्याच प्रशिक्षणात वापरला जातो. दिवसभर दुसऱ्याचं घर आवरून आलेली बाई संध्याकाळी 1881 चं पत्र वाचते आणि स्वतःच्या मालकिणीशी दराबद्दल कसं बोलायचं याचा सराव करते. इतिहासाची प्रेरणा इथे प्रशिक्षण म्हणून कामाला येते, आणि त्यासाठी कुणीतरी धूळ खात पडलेल्या वृत्तपत्रांत वर्षानुवर्षं बसावं लागतं.

आपल्या बाजूने पाहताना

अमेरिकेतल्या या लढ्याशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. मात्र आपण जे घेतलं ते बहुतेक पुरुषांच्या चळवळीतलं होतं. कृष्णवर्णीय कष्टकरी बायकांचा इतिहास मराठीत अजून फार थोडा आला आहे.

पुण्यात 1980 मध्ये मोलकरणींनी काम बंद केलं, त्यातून संघटना झाली; राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये आला. त्या लढ्यातल्या बायकांच्या आठवणी, हँडबिलं आणि दरपत्रकं कुणाच्या तरी घरी ट्रंकेत असतील तर ती आताच गोळा करायला हवीत, त्या बायका आपल्यात आहेत तोवर. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2011 चा करार भारताने मान्य केलेला नाही, अमेरिकेनेही नाही.

अमेरिकेत सध्या वाद चालू आहे तो घरी जाऊन वृद्धांची आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या किमान वेतनाचा. 2013 च्या नियमाने त्यांना हे संरक्षण मिळालं. 2025 च्या जुलैमध्ये केंद्रीय कामगार खात्याने ते काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला. या कामात कृष्णवर्णीय बायकांचं प्रमाण मोठं आहे, आणि त्यांच्या संघटना या प्रस्तावाविरुद्ध उभ्या राहिल्या आहेत.